परिपत्रकाच्या पाठीवरची सही

निवृत्त माणसाला दोनच कारणांसाठी फोन येतात. कोणी गेलं म्हणून, नाहीतर कागद वाचून द्या म्हणून. गेल्या थंडीत गावातल्याच अवधपुरीहून आलेला फोन दुसऱ्या प्रकारचा होता.

"भाऊ, पोरीच्या कंपनीनं कागद दिला आहे. अकाउंट्सची मोठी परीक्षा द्यायची म्हणते, आणि फी कंपनी भरते म्हणे. पण अटी-बिटी आहेत न त्यात. तुम्ही एकदा पाहून घ्या. यातलं तुमच्याइतकं कोणाला समजते?"

"येतो उद्या," म्हणालो आणि फोन ठेवला. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, कागद वाचायचा आहे." "मग तोंड का असं पाडलंय?" त्याचं कारण तिला माहीत नव्हतं. तिलाच काय, कोणालाच नव्हतं.

फोन करणारी बाई आणि मी इकडे हिंदी मुलखातल्या एका सरकारी कारखान्याच्या हिशेब विभागात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना पाच-सहा वर्षं बसलो. मी पुण्याकडचा, बी.कॉम. होऊन परीक्षा देऊन इथं लागलेला. ती नागपूरची. तिचा नवरा कारखान्यातच फिटर होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी तिला अनुकंपेची नोकरी मिळाली. मुलगी तेव्हा मांडीवर होती. अनुकंपेवर आलेल्या बाईकडून कोणी कामाची अपेक्षा करत नसे. तिला जावक नोंदवही द्यावी, खिडकीजवळची खुर्ची द्यावी, आणि लवकर घरी जाऊ द्यावं, एवढीच दया सगळे दाखवत. मीही दाखवली. दया दाखवण्यात आपलं काही जात नाही, उलट आपण बरे दिसतो.

पण दोन वर्षांत ती माझ्या समोरच्या खुर्चीत आली आणि शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या एकेका कार्यशाळेच्या, खर्चाची पत्रकं करू लागली. कंप्यूटर तेव्हा फक्त साहेबांच्या केबिनमध्ये होता आणि तोही बहुतेक वेळ कव्हराखाली. आम्ही सगळं हातानं करायचो. मी स्वभावानं वाईट नव्हतो, पण या खोलीत अक्कल म्हणून जी काही आहे ती आपल्याच बाजूला आहे, अशी माझी पक्की समजूत होती. तिनं ती कधी मुद्दाम मोडली नाही. नुसतं काम करून मोडली.

त्या काळात आम्हा कारकुनांपुढं वर जायचा एकच रस्ता होता, कॉस्ट अकाउंटंटची परीक्षा. तिचे विषयांचे गट एकेक पास करत गेलं की अधिकाऱ्यांच्या मुलाखतीला बसता येई. मी पहिल्याच गटात दोनदा आपटलो होतो. पुस्तकं टेबलाच्या खणात असत. जेवणाच्या सुट्टीत मी ती काढायचो आणि डबा उघडायचो, बहुतेक वेळा डबाच संपायचा. एके दिवशी एक गणित अडलं होतं. तिनं विचारलं, "पाहू का, भाऊ?" आणि जुन्या पाकिटाच्या मागे सोडवून माझ्याकडे सरकवलं. बरोबर होतं. मी म्हणालो, "वा, ताई!" आणि अर्धा डबा तसाच बंद केला.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. परिपत्रक वाचण्याची आमच्याकडे चाल नव्हती, त्यावर सही करण्याची होती. कागद क्लिपच्या पाटीला लावून टेबलाटेबलावर फिरे. प्रत्येकानं त्याच्या पाठीवर तारखेसह सही करायची, की पाहिलं. फिरवणारा मी. लोक पोह्यांचा घास तोंडात ठेवून विचारत, "क्या है?" मी एका वाक्यात सांगे, सायकल स्टँडचं आहे, होळीच्या सुट्टीचं आहे. लगेच सही. त्यांना वाचायचा कंटाळा होता. ती मात्र माझ्या शब्दावर सही करायची.

त्या पाकिटावरच्या गणिताला आठवडा झाला नसेल, तेव्हा हे परिपत्रक आलं. मी पॅसेजमध्ये उभ्या उभ्या वाचलं. कॉस्टच्या परीक्षेची फी कंपनी देईल. फॉर्म भरण्याआधी लेखी परवानगी घ्यायची. एका सेक्शनमधून वर्षाला एकालाच परवानगी. पास झाल्यावर फी परत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे परवानगी असेल तरच पास झालेल्या गटाची नोंद सेवापुस्तकात होणार, आणि नोंद असेल तरच मुलाखतीला बोलावणं येणार. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, की आधी विनापरवानगी गट पास केला असल्यास पुढच्या वर्षीच्या अर्जात तो दाखवता येईल.

'एकालाच' या शब्दापाशी माझा अंगठा थांबला. मला आधी माझी परीक्षा आठवायला हवी होती. मला ते पाकीट आठवलं.

तिच्या टेबलाशी गेलो तेव्हा ती डबा खात होती. मी पाटी उलटी धरली, सह्यांची बाजू वर.

"काय आहे, भाऊ?"

"परीक्षेचं आहे. पास झालं की फी परत देतात."

तिचा चेहरा उजळला. "खरंच? मग मी पण भरते न फॉर्म! फीसाठीच अडलं होतं."

"भरा की," मी म्हणालो.

तिनं हात पुसले, सही केली, खाली तारीख घातली. दुसऱ्या दिवशी माझा परवानगीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. सेक्शनमधून एकच.

मी खोटं एक अक्षरही बोललो नव्हतो. हे मी स्वतःला किती वेळा बजावलं असेल. पण बजावावं लागतं तिथंच सगळं आलं. खाई त्याला खवखवे. मी तिला माझ्या नोट्स देऊ लागलो. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका आणून दिल्या. शेजारच्या बायकांच्या भिशीत तिनं आपला नंबर आधी मागून घेतला आणि फी भरली. हे तिनं मला मोठ्या आनंदानं सांगितलं आणि मी म्हणालो, "काही हरकत नाही, परत मिळणारच आहे." हे मात्र खोटं होतं. एक अक्षर नव्हे, अख्खं वाक्य.

ती पहिल्या फटक्यात पास झाली. मी तिसऱ्या. तिनं सगळ्या सेक्शनला मावाबाटी, म्हणजे इकडची खव्याची मिठाई, वाटली, आणि पहिली मला दिली. "भाऊंच्या नोट्स," असं प्रत्येक टेबलाशी सांगत फिरली.

मग तिनं पावती जोडून अर्ज केला. साहेब जबलपूरचे, तोंडानं फटकळ पण मनानं चांगले. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

"परमिशन कहाँ है इसमें?" त्यांनी तिला विचारलं.

"कौन सी परमिशन, सर?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सर्कुलर इनको दिखाया नहीं था क्या? नहीं दिखाया हो तो बोलो, मैं ऊपर लिख देता हूँ. गुंजाइश है."

वाट उघडी होती. 'नाही साहेब, मी नीट सांगितलं नाही', एवढं म्हटलं असतं तर मला फार तर चार शब्द ऐकावे लागले असते. मी बाहेर गेलो, कपाटातून फाइल आणली, परिपत्रक उलटं केलं आणि तिच्या सहीवर बोट ठेवलं.

"साइन है, सर."

ती वाकून आपल्याच सहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हाँ सर, साइन तो मेरी है. बिना पढ़े कर दी. गलती मेरी है."

"इतनी होशियार होके?" साहेबांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. त्यांनी हिरव्या पेननं नामंजूर लिहिलं. तो निर्णय टाइप करून तिला द्यायचं काम माझं होतं. मी केलं. स्वच्छ टाइप केलं, एकही खाडाखोड नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "तुम्ही सांगितलं असेल, भाऊ. मीच अर्धवट ऐकलं. फी मिळते ऐकलं आणि पुढं कान बंद झाले माझे."

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "होतं असं, ताई."

पुढच्या वर्षी परिपत्रक पुन्हा आलं. दर वर्षी यायचं ते, तारीख बदलून. बारीक अक्षरातली ओळही होती. तिला नुसता अर्ज करायचा होता, आदला गट त्यात धरला गेला असता. मी पाटी घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो. तिनं विचारलं नाही, मीही बोललो नाही. "आता माझं काय आहे त्यात, गट तर वायाच गेला," म्हणून तिनं सही केली. मला दुसऱ्या गटाला बसायचं होतं, आणि सेक्शनमधून एकच. तिसऱ्या वर्षीही तसंच झालं. चौथ्या वर्षी माझी मुलाखत झाली, मी अधिकारी झालो, मला वेगळी केबिन मिळाली, आणि परिपत्रकं फिरवायचं काम दुसऱ्याकडे गेलं. तोवर तिनं पुस्तकं रद्दीत दिली होती.

त्यानंतर मी तिचा फार चांगला मित्र झालो. तिच्या क्वार्टरचं छत गळलं की मी सिव्हिलवाल्यांच्या मागे लागायचो. मुलीच्या शाळेतल्या प्रवेशासाठी शब्द टाकला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला खजिनदार केलं. टाउनशिपभर माझं नाव झालं, की विधवा बाईला सख्ख्या भावासारखा धावतो. बायकोलाही त्याचं कौतुक. मी ते कौतुक कधी थांबवलं नाही. ती निवृत्त झाली तेव्हा कारकुनाच्याच सर्वांत वरच्या पायरीवर होती. निरोप समारंभात माझं भाषण झालं. भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

तर गेल्या थंडीत मी तो कागद वाचायला गेलो. तिचं घर छोटंसं, पण स्वतःचं. मुलगी आता जवळच्या मंडीदीप औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्स पाहते. चहा झाला आणि मुलीनं दोन पानं पुढं केली.

"काका, मम्मीला मी म्हटलं, मी पढ़ लिया आहे सगळं. पण ही मानतच नाही. म्हणते, काकांना दाखवल्याशिवाय साइन नाही करायची."

"कशी मानू?" ती म्हणाली. "लहानपणापासून सांगते तुला. तुझ्या आईनं एक सही न वाचता केली आणि जन्मभर कारकून राहिली. आपल्या मूर्खपणाची शिक्षा आहे ती, कोणाला काय बोलायचं? तू तशी नको होऊ."

तिनं हे कडवटपणानं म्हटलं नाही. शाळेतला धडा म्हणतात तसं म्हटलं. मुलीलाही पाठ होतं, ती हसली. आणि मला कळलं की माझी करणी या घरात पंचवीस वर्षं तिच्या नावावर खपते आहे. पोरगी आईला हुशार पण वेंधळी समजत मोठी झाली आहे.

"ताई," मी म्हणालो, "तुम्ही अर्धवट ऐकलं नव्हतं. मी अर्धवट सांगितलं होतं. परवानगीचं मला माहीत होतं. एकालाच मिळणार होती. मुद्दाम नाही सांगितलं."

मुलीचं हसू तसंच अर्ध्यात राहिलं. ती एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहू लागली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मला वाटलं, ताई रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या, जुनं झालं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट पाहत होतो. इतका निर्लज्ज मी.

"त्या वर्षीचं जाऊ द्या," ती हळू म्हणाली. "माणसाच्या मनात येते कधी. पण ते परिपत्रक पुढच्या वर्षी पण आलं होतं न?"

"हो."

"त्यात होतं काही? माझ्यासाठी?"

"होतं. अर्ज करता आला असता. आधीचा गट धरला असता."

"त्याच्या पुढच्या वर्षी?"

"तेव्हाही."

"आणि घेऊन तुम्हीच यायचे."

हा प्रश्न नव्हताच.

तिनं हात पुढं केला. मला वाटलं कप मागते आहे. तिनं माझ्या हातातली दोन पानं काढून घेतली, उशाचा चष्मा मागवून घातला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. बोट ओळीखाली ठेवून, सावकाश. पान उलटून मागचीही बाजू पाहिली. मी समोर बसून होतो. संपूर्ण वाचून होईपर्यंत तिनं एकदाही वर पाहिलं नाही, आणि मला काही विचारलं नाही.