बोअरचं पाणी

पावसाळा सरला की सफारी सुरू व्हायच्या आधी तो चंद्रपूरहून मोहर्लीला, आमच्या रिसॉर्टवर यायचा. त्याच्या छोट्या ट्रकवर गालिचे धुण्याची मशीन बसवलेली होती. ट्रक अंगणात उभा राहायचा आणि लांबलचक पाइप खोल्याखोल्यांतून फिरायचा. आल्या आल्या तो आमच्या बोअरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा, मान हलवायचा आणि घरून आणलेलं गोडं पाणीच मशीनला द्यायचा. काम संपल्यावरही अर्धा तास नुसतं गोडं पाणी आतून सोडत बसायचा.

एका वर्षी त्याचं पाणी संपलं तेव्हा आठ खोल्या बाकी होत्या आणि पाहुणे दुपारीच येणार होते. मॅनेजर मी. म्हटलं, "भाऊ, बोअरचं घ्या."

"मशीनच्या हिटरमंदी चुना बसते, साहेब."

"एका दिवसानं काय होते?"

त्याने पाइप बोअरला जोडला. खोल्या झाल्या. मशीन आतून धुवायला गोडं पाणी नव्हतंच. त्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या म्हणून मीच त्याला घाईघाईने फाटकाबाहेर काढलं.

पुढच्या वर्षी तो बसने आला. हातात बादली आणि ब्रश.

"मशीन?" मी विचारलं.

"हिटर जाम झालं. इकून टाकली."

ब्रशने घासायला कुठलंही पाणी चालतं. त्याने बोअरवर बादली भरली, तरी बोट बुडवून जिभेला लावलंच.

"अजून खारंच हाये," तो म्हणाला, आणि गुडघे टेकून पहिला गालिचा घासू लागला.