वडील गेल्याचं त्यानं सांगितलं नाही

नव्वदच्या दशकात मी अकाउंट्सच्या नोकरीसाठी पुण्याहून बहरीनला गेले. संध्याकाळी तिथल्या राजधानीत, मनामात, कॉम्प्युटरचा क्लास लावला होता, तिथं तो भेटला. सुदानचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझा कागद प्रिंटरमध्ये अडकला की न हसता सोडवून द्यायचा.

वर्षभर आमचं प्रेम होतं. माझी रूममेट नर्स होती. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तिची ड्यूटी असली की तो माझ्याकडे यायचा. शरीराचा संकोच आमच्यात फार लवकर गेला. बोलण्याचा मात्र राहिला, म्हणजे त्याच्या बाजूनं. मी घरची भांडणं, माझं मोडलेलं लग्न, सगळं सांगायची. तो केसांतून हात फिरवत ऐकायचा. त्याचं विचारलं की म्हणायचा, "सगळं ठीक आहे."

मग बरेच दिवस तो क्लासला फिरकलाच नाही. मी त्याच्या फ्लॅटवर गेले. दार त्याच्याबरोबर शिकणाऱ्या दुसऱ्या सुदानी मुलानं उघडलं.

"तुला माहीत नाही? त्याचे वडील गेले."

तो आत शर्टाला इस्त्री करत होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मी तुझ्याजवळ बसले असते."

त्यानं इस्त्री बंद केली, खाली फरशीवर बसला आणि बोलायला लागला. परीक्षा होती म्हणून जाता आलं नव्हतं. शेवटच्या फोनवर वडिलांनी त्याला धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली होती.

"इथं मला काळा, धिप्पाड बघून लोक आधीच बिचकतात," तो म्हणाला. "त्यांच्यासमोर रडायचं नाही, हे आम्ही सगळी पोरं शिकलोय. आता एकमेकांसमोरही रडत नाही."

आणि तोंडावर तो शर्ट धरून तो रडला. मी पाठीवर हात ठेवून बसून राहिले. इतक्या जवळ मी त्याच्या कधीच नव्हते.

मला वाटलं, आता खरं सुरू होईल. पण तो तुटक वागू लागला. शुक्रवारी अभ्यास निघायचा. निकाल लागला, परतीचं तिकीट आलं. निघण्याआधी सूकमधल्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारातल्या, चहाच्या दुकानात मी विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"नाही. पण तू माझ्याकडे बघितलंस की मला त्या दिवसाचा मी आठवतो. लाज वाटते."

"मला तोच सगळ्यात जास्त आवडला होता."

तो कसंनुसं हसला. "तू चांगली आहेस म्हणून असं म्हणतेस."

किती सांगितलं, पण त्याला पटलं नाही. पुढं त्याची एक-दोन पत्रं आली, हवापाण्याची. नंतर तीही थांबली. त्याच्या आयुष्यात कुणी आली असेल. तिच्यासमोर त्याला रडता येतं का, ते मला कधीच कळणार नाही.