आधीच्या मालकाची अक्कल

कारखान्यात फोरमनसाहेबांना पाठीमागे सगळे ‘नापास’ म्हणत. पंपांच्या कारखान्यात चौतीस वर्षं फोरमन, आणि समोर आलेला माल, माणूस किंवा चहा त्यांनी एका फटक्यात पास केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. निवृत्त झाल्यावर नापास करायला घर आणि गल्ली उरली. शेजाऱ्याने बसवलेला नळ वाकडा, वाण्याने बांधलेली पुडी ढिली. लेकीला मागणी घालायला दोघं आले होते, त्यांनाही साहेबांनी कपातला चहा संपायच्या आत नापास केलं. लेक आता छत्तीस वर्षांची, नर्स. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच.

त्या लेकीची बदली तलावापलीकडच्या दवाखान्यात झाली. रस्त्याने वळसा घालून दोन तास, पाण्यावरून पंचवीस मिनिटं; पण लाँच कधीची बंद पडलेली. दवाखान्याच्या आवारात तिला खोली मिळत होती. घेणार की नाही ते पहिल्या तारखेच्या आत कळवायचं होतं.

“होडीची सोय झाली तर कशाला जाऊ मी, बाबा?” ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी फोरमनसाहेब भंगारवाल्याकडून होडीच्या मागे लावायची जुनी मोटार घेऊन आले. होडी धक्क्यावरच्या नावाड्याची, मोटार आपली, असं ठरलं. लेकीने जाऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. पण तसं तोंडाने म्हणायचं म्हणजे विनवणी झाली, आणि विनवणी करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर दारातूनच परत पाठवलं होतं.

मागच्या गॅलरीत एका मोडक्या पलंगाच्या लाकडाचा घोडा ठोकून त्यावर मोटार चढली. कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून ठेवायला लेकीचा दुधाचा टोप गेला. ती नवा टोप घेऊन आली. आणि मग मोटार जसजशी उघडत गेली तसा साहेबांना एक दुश्मन सापडला: आधीचा मालक.

“हे बघ!” ते गॅलरीतून ओरडत. “पॅकिंग कशाचं, तर कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं! गाढव लेकाचा!”

पाणी खेचणारी रबरी चक्री त्या गाढवाने चपलेच्या तळव्यातून कापून काढली होती. एका बोल्टाच्या जागी सायकलचा आरा पिळून बसवला होता. पेचागणिक साहेब त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि खरं सांगायचं तर इतके खुशीत ते कित्येक वर्षांत नव्हते. नावं ठेवायला असा हक्काचा माणूस मिळाला की त्यांची भूकसुद्धा वाढायची. पुठ्ठा, चप्पल, आरा, सगळं त्यांनी बदललं, आणि उत्तम बदललं. हातात कसब होतं, त्याबद्दल त्यांना कुणी काही म्हणू शकत नव्हतं.

शेवटी पंख्याची पाळी आली. पाण्यातला पंखा दांड्याला एका आडव्या पिनेने अडकवलेला असतो. ती पिन निघाली पितळेची, किंचित वाकलेली. शिवाय मोटारीच्या झाकणाखाली तशाच तीन कोऱ्या पिना चिकटपट्टीने चिकटवून ठेवलेल्या. साहेब पोट धरधरून हसले.

“सगळा जोर जिच्यावर, ती पिन मऊ पितळेची! आणि मोडणार हे ठाऊक, म्हणून तीन जास्तीच्या!”

“त्याने मुद्दाम ठेवल्यात म्हणजे काही कारण असेल ना?” लेकीने विचारलं.

“कारण? आपली वस्तू मोडणार हे आधीच ठरवून बसणाऱ्याने हत्याराला हात लावू नये.”

चारही पिना केराच्या डब्यात गेल्या. तिच्यासमोर बसून त्यांनी पोलादाचा तुकडा कानशीने घासला आणि पिनेच्या जागी ठोकून बसवला. वर म्हणाले, “आता जन्मात मोडायची नाही.”

रविवारी सकाळी मोटार दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. होडी अशी सुटली की लेक टाळ्या वाजवून हसली. साहेबांनी स्वतः सुकाणूची मूठ धरली होती.

“डावीकडून घ्या, पुढे पाण्याखाली झाडाचा खुंट आहे,” नावाडी म्हणाला.

“तू वल्हं मार. मोटार कशी चालवायची ते मला शिकवू नकोस.”

खाडकन आवाज झाला. मोटार किंचाळत राहिली आणि होडी जागच्या जागी थांबली. अर्धा तास नावाड्याने वल्ही मारली, तेव्हा सगळे धक्क्याला लागले. तिथे त्याने पंखा उतरवून पिन बाहेर ओढली. पिन जशीच्या तशी होती. आतल्या दातेरी चाकांचा मात्र भुगा झाला होता.

“पोलाद?” नावाडी चक्रावला. “अहो, इथे मऊ पितळच घालतात. खुंटाला आपटलं की पिन मोडते, आतले दात वाचतात. दोन मिनिटांत दुसरी घालायची आणि निघायचं. म्हणून तर जास्तीच्या जवळ ठेवतात. ही कुणी घातली?”

फोरमनसाहेबांनी घसा साफ केला. “आधीच्या मालकाने.”

“गाढवच असणार,” नावाडी म्हणाला.

“हो ना,” लेक शांतपणे म्हणाली. “बाबा पहिल्या दिवसापासून सांगताहेत, फार अडाणी माणूस होता म्हणून.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ना राग, ना हसू. बऱ्या न होणाऱ्या रोग्याशी ती याच आवाजात बोलत असणार, असं त्यांच्या मनात आलं आणि कानापर्यंत लाज चढली. तिने चारचौघांत त्यांचे वाभाडे काढले असते तर ते तिला पुरून उरले असते. पण तिने त्यांना सांभाळून घेतलं होतं.

घरी आल्यावर ती म्हणाली, “मी ती खोली घेते, बाबा.”

“घे.”

“दोघांची सोय होईल. तुम्हीही चला.”

हे ऐकायला आपण किती आसुसलो होतो ते त्यांना तेव्हाच कळलं. आणि तरी सवयीने तोंडातून निघालं, “सरकारी खोली! भिंतींना पोपडे, नळाला गळती. तिथे येऊन राहायला मला काय धाड भरलीय?”

“बरं,” ती म्हणाली.

पुढचे चार दिवस ती सामान बांधत होती. साहेब दोऱ्या कापून देत होते, खोके उचलून देत होते, काही राहिलं का म्हणून उगाच विचारत होते. स्वतःच्या शर्टांची घडीसुद्धा त्यांनी पलंगावर काढून ठेवली होती. तिने आणखी एकदा म्हटलं असतं तर ते हो म्हणणार होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेव्हा ते बूट घालून दारात उभे होते.

तिने पुन्हा विचारलं नाही.