विरळ हवेची खोली

कुवेतमध्ये डोंगर नाही, म्हणून शत्रुघ्न परब भिंतीआड बसून डोंगर तयार करायचा.

अल-राई भागातल्या गोदामांच्या रांगेत, धावणाऱ्या मुलींच्या व्यायामशाळेत एक घट्ट बंद काचेची खोली होती. शेजारचं यंत्र ऑक्सिजन कमी केलेली हवा नळातून तिच्यात सोडायचं. साडेतीन हजार मीटर उंचीवर असतो तेवढ्याच ऑक्सिजनवर मुली ट्रेडमिलवर सहा सेकंद जीव तोडून पळायच्या, जरा थांबायच्या, पुन्हा पळायच्या. बारा दिवसांत अशा सहा खेपा. नंतर मोकळ्या मैदानात पाय लवकर दमत नाहीत, असं त्यांच्या प्रशिक्षक तबस्सुमबाई सांगत.

शत्रुघ्न देवगडकडचा, वीस वर्षं एसीची कामं केलेला. मुली आत असताना पुरुषाने खोलीत जायचं नाही, काचेला पडदा. त्यामुळे त्याला मुली दिसत नसत, ऐकू येत. धपाधप पाय, मग शांतता, मग धाप.

त्यातली मंगफ वस्तीत राहणारी आर्या मात्र येता-जाता त्याच्याशी बोलायची. क्लबच्या रिले संघात चौघीच स्पर्धेसाठी दोह्याला जाणार होत्या, निवड खेपा सुरू झाल्यापासून पंधराव्या दिवशी.

"काका, लास्ट इयर मी पाचवी होते. पाचवी म्हणजे पाण्याच्या बाटल्या," तिने सांगितलं होतं.

दुसऱ्या खेपेला तिची धाप भिंतीपलीकडून आली. खोकली, थांबली, पुन्हा पळाली. एसीवाल्याच्या हाताला एक सवय जडलेली असते: बंद खोलीत माणसं असली की ताज्या हवेला वाट ठेवायची. नळाला बाहेरची हवा घेण्याचं एक झाकण होतं. त्याने ते दोन बोटं उघडलं. ऑक्सिजन मोजणारा काटा यंत्राच्या तोंडाशी असल्याने तो जागचा हलला नाही. आतली धाप मात्र मऊ झाली. शत्रुघ्नने समाधानाने चहा घेतला. तिसऱ्या खेपेलाही झाकण तसंच राहिलं.

त्या दिवशी तबस्सुमबाई चिडून बाहेर आल्या. त्या श्रीवर्धनच्या, रागावल्या तरी मराठीतच.

"शत्रुघ्नभाऊ, यंत्र बिघडलंय. बोटाच्या चिमट्यावर रक्तातला ऑक्सिजन पंच्याऐंशीच्या आसपास यायला हवा, सत्त्याण्णव येतोय! मालक म्हणतात, दुरुस्तीला पाठवा. दहा दिवस जातील."

पायरीवर आर्या बसली होती. बुटाची नाडी सोडत होती. दहा दिवसांनी तिच्या हाती काहीच उरणार नव्हतं.

झाकण गुपचूप लावून 'केलं दुरुस्त' म्हणता आलं असतं. शाबासकीही मिळाली असती. शत्रुघ्नने तो विचार एकदा पुरता करून पाहिला.

"यंत्राक काय एक झाला नाय, बाई," तो म्हणाला. "मीच वारो सोडलंय. चेडवां धापा टाकीत होती. माका ऐकवला नाय."

बाई उसळल्या. "अहो, धाप लागावी म्हणून तर खोली बांधलीय! तुम्ही पोरींना डोंगरावर नेऊन लिफ्टमध्ये बसवलंत!"

"काका!" आर्या उठली. "मला वाटलं आय ॲम सुपर फिट!"

आधी तीच हसली. मग बाई. शत्रुघ्न हसावं की नाही ते न कळून उभा.

"दोन खेपा माझ्यामुळे गेल्या," तो म्हणाला. "निवडीआधी दोन शुक्रवार येतत. मी सुट्टी घेणंय नाय. पोरी येतील?"

पोरी आल्या. त्याआधी, खोली रिकामी असताना, त्याने झाकण पक्कं बंद केलं आणि मोजणारा काटा आतल्या भिंतीवर नेला. बाईंनी बजावलं, "चिमटा ऐंशीच्या खाली गेला तर दार मी उघडणार. तुम्ही कान झाका हवं तर." त्याने झाकले नाहीत. पण हात मांडीखाली दाबून बसायचा.

निवडीच्या संध्याकाळी तो बनेद अल-गार भागातल्या एका गच्चीवर जोडीदार जयरामबरोबर एसी बसवत होता. फोन वाजला.

"काका, चौथी! बाय टू हंड्रेड्थ्स ऑफ अ सेकंद!"

"चौथी!" शत्रुघ्न एवढ्यानं ओरडला की पाना हातातून निसटला. मग तो पाण्याच्या टाकीभोवती नाचायला लागला.

जयराम पाना उचलत म्हणाला, "चौथी? मगे नाचतंस कित्याक?"

"चारच घेतत रे, मेल्या!"