स्नो स्कूटरची पाठ

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका हिमनदीवर होती. नाव लिहीत नाही, जुनी सवय आहे. मी लष्करात व्हेइकल मेकॅनिक होतो, रँक हवालदार, आणि पायदळाच्या एका पलटणीबरोबर अटॅच होतो. वरच्या कॅम्पवर आम्ही वीसेक जण, बहुतेक सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे. माझ्या ताब्यात एक जनरेटर, काही बुखाऱ्या, म्हणजे तंबू तापवायच्या केरोसिनच्या शेगड्या, आणि एक स्नो स्कूटर. दुसरी स्कूटर इंजिन उघडून बेसवर पडली होती.

आता मी आखातात नोकरी करतो. मध्यंतरी इथे अबू हमूरला एका स्नेह्यांकडे पूजेला गेलो होतो. जेवणं झाल्यावर कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तुम्ही बॉर्डरवर होता ना? एखादी ॲक्शन सांगा की." मी म्हणालो, लिहून देतो. मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं, आणि तेही सावकाश. हे लिहायला सुट्टीचे बरेच शुक्रवार लागले. यात गोळीबार नाही. यात एक वाकलेला पत्रा आहे, आणि माझ्या नोकरीतले सर्वांत आनंदाचे दोन दिवस.

स्नो स्कूटरला पुढे दोन स्की असतात आणि मागे रबरी पट्टा. त्या पट्ट्यावर उलट्या पन्हाळीसारखा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. त्याला टनेल म्हणतात. सीट त्याच्यावर, चालवणाऱ्याचे पाय त्याच्या दोन्ही अंगांना, सस्पेन्शन त्याच्या पोटात. थोडक्यात, ती गाडीची पाठ. पत्रा पातळ असतो, कारण गाडी बर्फात रुतता कामा नये. वजन सीटवर असेल तर तो सहन करतो. वजन सस्पेन्शनच्या मागे, शेपटीकडे लादलं तर प्रत्येक आदळ्याला थोडा थोडा वाकतो.

स्कूटरचा ड्रायव्हर होता नाईक ज्ञानदेव पवार. कराडजवळच्या गावचा. घरी दुधाचा धंदा. भरती होण्याआधी तो रोज मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून डेअरीला जायचा. खालच्या कॅम्पवरून केरोसिन आणायचं काम त्याच्याकडे होतं. नियमाप्रमाणे जेरीकॅन मागच्या स्लेजवर ठेवायचे. पण वाटेतल्या उतारांना ती स्लेज स्कूटरच्या पुढे पळायला बघायची आणि आडवी व्हायची. मी सुट्टीवर असताना ज्ञानदेवाने सळई वाकवून दोन हुक केले, टनेलच्या शेपटीला बसवले आणि जेरीकॅन लटकवले, थेट दूधवाल्यासारखे. कॅम्पवर पोचला की तो ओरडायचा, "दूध घ्या, दूध!" आमचे सुभेदार साळुंखे साहेब कडक माणूस, पण तेही एकदा पातेलं घेऊन बाहेर आले म्हणे. सगळ्यांना ते इतकं घरचं वाटलं की त्यात काही चुकतंय हे कुणाच्या मनातच आलं नाही.

सुट्टी संपवून मी त्याच स्कूटरवर मागे बसून वर आलो. वाटेत पट्टा घासल्याचा आवाज येत होता. पोचल्यावर सीट काढली. टनेलच्या दोन्ही अंगांना, सस्पेन्शनच्या मागच्या बोल्टाजवळ, पत्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या. डावीकडे बोटभर चीर. शेपूट खाली झुकलेली आणि पट्ट्याचे दाते आतून पत्रा खरवडत होते.

"पवार, हे काय?"

"कुठं काय, मास्तर?" मी पुस्तकं वाचायचो म्हणून कॅम्पवर माझं नाव मास्तर.

"शेपटीकडे बघ."

त्याने मान तिरकी करून पाहिलं. "म्हातारी म्हैस अशीच बसती मागनं."

सिपाही संपत गायकवाड शेजारी उभा होता. बीडकडचा, तोंडाने फटकळ. "म्हैस ठीकच हाय. गवळ्यानं पाठ मोडली तिची."

"तुझा चहा कशावर उकळतो रं? तुमच्यासाठीच आणत हुतो न्हवं?" ज्ञानदेव म्हणाला.

साळुंखे साहेब आले. त्यांनी एकच विचारलं, "गाडी चालणार का नाही?"

"आत्ता चालेल, साहेब. पण कुठल्यातरी उंचवट्यावर तुटेल. कुठल्या, ते सांगता येत नाही."

"मग उभी करा. आणि नीट करा."

नवीन टनेल येईपर्यंत हिवाळा संपला असता. वेल्डिंग सेट नव्हता. असता तरी मी वापरला नसता, कारण तापवलेला पातळ ॲल्युमिनियम मऊ पडतो आणि शेजारीच पुन्हा वाकतो. रिव्हेट भरपूर होते. कमी होता तो जाड, सरळ, हलका धातू. तो लंगरच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या तंबूच्या मागे सापडला. बर्फातल्या भेगा ओलांडायला ॲल्युमिनियमच्या शिड्या असतात. त्यातली एक हेलिकॉप्टरमधून टाकताना मधोमध वाकली होती आणि आता तिच्यावर सगळ्या कॅम्पचे मोजे वाळत असायचे. तिचे सरळ राहिलेले दांडे टनेलच्या लांबीला पुरेसे होते.

मोजे काढताना संपत प्रत्येक जोडीचा वास घेऊन मालकाचं नाव सांगत होता. बहुतेक बरोबर येत होती.

शेपटीखाली लाकडी पेटी आणि जॅक लावून आम्ही टनेल हळूहळू वर उचललं. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. मग दांडा मापून कापायचा होता. मी सुरकुतीच्या दोन्ही बाजूंना वीतभर खूण केली. ज्ञानदेव म्हणाला, "अजून पुढं घ्या, मास्तर. पार सीटखाली जाऊ दे. आमच्या गाडीची चेसी मोडली तवा लहान पट्टी मारली, तर पट्टी संपती तिथं परत मोडली."

त्याचं बरोबर होतं, आणि मलाही ते पटत होतं. फक्त तेवढा लांब दांडा बसवायचा तर दुप्पट रिव्हेट मारायचे, आणि त्या थंडीत उघडा धातू हातमोज्यातूनही चावतो. आम्ही लांबच घेतला. रिव्हेटचं चपटं डोकं टनेलच्या आत ठेवायचं, नाहीतर पट्ट्याचे दाते अडकतात. बाहेरून मी हातोडी मारायचो आणि संपत आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. पट्टा सैल करून तो त्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालून पडला होता आणि आतून बडबडत होता.

"मास्तर, बाळंतपण चाललंय का काय?"

"गप धर. हलवू नकोस."

"वासरू झालं तर नाव काय ठेवायचं?"

ज्ञानदेव इतका हसला की त्याच्या हातातला ड्रिल बिट मोडला. इतक्या उंचीवर हसायलाही दम लागतो. आम्ही तिघे तंबूत बसून आधी हसायचो, मग धापा टाकायचो, मग त्या धापांवर हसायचो. संध्याकाळपर्यंत डावी बाजू पुरी झाली. साहेबांनी येऊन दांड्यावर बोट फिरवलं.

"शिडी कुणाच्या हुकमानं कापली?"

"साहेब, वाकलेली होती."

"ते दिसतंय. मोजे कुठं वाळवायचे आता?" असं म्हणून ते निघून गेले. शाबासकी मिळाली हे आम्हाला कळलं.

सकाळी संपत उठला नाही. आदल्या दिवशी त्याला खोकला होता. आम्ही धुराचा समजलो होतो. आता ओठ निळे पडले होते, छातीत घरघर होती आणि थुंकीला गुलाबी फेस. नर्सिंग असिस्टंटने छातीला कान लावला आणि तो सरळ साहेबांशी बोलला. उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरतंय. औषध आणि ऑक्सिजन सुरू करतो. पण आजच्या आज खाली नेला नाही तर हातातून जाईल.

साहेबांनी रेडिओ घेतला.

"बेस, पेशंट आहे. हेली पाहिजे. ओव्हर."

"हेली नहीं आएगा. मौसम बंद है. निचले कैंप में डॉक्टर तैयार है. नीचे लाओ. ओव्हर."

खालचा कॅम्प पायी दिवसभराची वाट. स्ट्रेचरवर किंवा स्लेजवर न्यायचं तर आडवं करावं लागणार.

"आडवं नाही करायचं," असिस्टंट म्हणाला. "आडवा केला की गुदमरतो. बसवूनच न्यायला हवा."

साहेब माझ्याकडे वळले. "दुसरी बाजू?"

"दोन तास लागतील, साहेब."

"एका तासात करा. माणसं घ्या."

माणसं बोलवावी लागली नाहीत. दोघांनी तंबूत बुखारी उचलून आणली. एकाने दांडा कापला, एकजण रिव्हेट तळहातावर गरम करून देत होता. लोखंडी ठोकळा या वेळी ज्ञानदेवाने धरला. तासाहून थोडा जास्त वेळ लागला. शेवटचा रिव्हेट बसल्यावर ज्ञानदेव स्वतः शेपटीवर उभा राहिला आणि दोनदा उडी मारून पाहिलं. टनेल हललं नाही.

आता बसायचं कसं? चालवायला ज्ञानदेव, मध्ये संपत, आणि त्याला मागून धरायला, ऑक्सिजन सांभाळायला एक माणूस. त्या माणसाची जागा म्हणजे नेमकी तीच, जिथे जेरीकॅन लटकायचे. कॅम्पवर सर्वांत हलका मी होतो. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाचा कधीतरी असाही उपयोग होतो.

संपतला चादरीने ज्ञानदेवाच्या पाठीशी बांधलं. त्याची मान कलत होती. ज्ञानदेवाने इंजिन चालू केलं आणि खांद्यावरून मागे बोलला.

"संप्या, ट्रिपल सीट चाललोय. चौकात मामा दिसला की उतरायचं, चालत पुढं जायचं आणि परत बसायचं. गावात करतोस तसं."

मास्कमधून आवाज आला. सकाळपासूनचे त्याचे पहिले शब्द होते.

"मी नाही उतरणार."

सगळा कॅम्प हसला. साळुंखे साहेबांनी तोंड फिरवलं. मग हात वर करून म्हणाले, "चला, निघा."

मी संपतच्या काखेतून हात घालून त्याला सरळ धरलं होतं. त्याची छाती माझ्या हातांखाली वरखाली होताना कळत होती. वाटेभर मी फक्त तेवढंच मोजत होतो. ज्ञानदेव प्रत्येक उंचवट्याआधी ओरडायचा, "उचल!" मग मी पायांवर जोर देऊन माझं वजन शेपटीवरून उचलायचो. अर्ध्या वाटेवर बर्फाखाली लपलेली एक कड लागली. ती त्याला दिसली नाही. शेपूट जोरात आदळली आणि माझ्याखाली कडाडलं.

त्याने स्कूटर थांबवली. "काय तुटलं?"

हातमोजा काढून मी टनेलखाली हात घातला. उजवीकडचा शेवटचा रिव्हेट उडाला होता. दांडा जागेवर होता. बोट दोन्ही कडांवरून शेवटपर्यंत फिरवलं. कुठेही सुरकुती नव्हती.

"एक रिव्हेट गेला. पाठ सरळ आहे."

"संप्या?"

"श्वास चालू आहे," मी म्हणालो.

"मग बसा, मास्तर."

खालच्या कॅम्पवर डॉक्टर कॅप्टन साहेब बाहेरच उभे होते. तिघे एकामागे एक बसून आलेले पाहून ते क्षणभर थांबले.

"यह ट्रिपल कौन लाया?"

"साहब, लाइसेन्स है," ज्ञानदेव म्हणाला.

दुपारभर तंबूचं दार बंद होतं. आम्ही बाहेर स्कूटरजवळ बसून राहिलो. मग कॅप्टन साहेब बाहेर आले आणि म्हणाले की ओठांचा रंग परत येतोय, आणि पेशंट जेवण मागतोय. ज्ञानदेव उठला. टनेलवर त्याने दोन थापा मारल्या, दूध देणाऱ्या जनावराला मारतात तशा. मग मला मिठी मारली. आम्ही दोघे जाड कपड्यांमुळे धड मिठी मारू शकत नव्हतो, म्हणून पुन्हा हसू आलं आणि पुन्हा धाप लागली. दुसऱ्या सकाळी आभाळ उघडलं आणि हेलिकॉप्टर संपतला घेऊन गेलं.

पुढच्या हिवाळ्यात मी दुसऱ्या युनिटला होतो. एका वादळानंतर वाट मोकळी करायला गेलेल्या पार्टीवर बर्फाचा कडा कोसळला. ज्ञानदेव सर्वांत पुढे होता. तो तिसऱ्या दिवशी सापडला. मी याहून जास्त लिहू शकत नाही.

मी आता मुऐदरला राहतो आणि वाळवंटात चालणाऱ्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. संपतही इकडेच, लुसैलला एका कंपनीची स्टाफ बस चालवतो. ज्ञानदेव गेला त्या तारखेला तो ड्युटी बदलून घेतो आणि आमच्याकडे येतो. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली उभं राहून आम्ही कराडला ज्ञानदेवाच्या आईंना फोन लावतो. स्पीकर चालू ठेवायचा, आणि संपतने बोलत बोलत वर चढायचं. ही पद्धत त्यांनीच पाडली; लेकाने खाली पोचवलेल्या माणसाचा दम त्यांना ऐकायचा असतो.

"चढतुयास का?"

"चढतोय, आई. दुसरा मजला."

"बोलत ऱ्हा. गप बसलास की मला कळत न्हाई."

तो लुसैलचा ट्रॅफिक सांगतो, बसमधल्या साहेबांच्या नकला करतो. मी मागून चढत असतो. यंदा माझी मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर वाट बघत होती. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत बोलते. "बाबा, यू आर द वन पँटिंग," ती म्हणाली. फोनवर आईंना ते कुणी न सांगता समजलं.

"मास्तर, तुमाला धाप लागली व्हय?" त्या हसल्या. "आन संपत?"

"पोचलो, आई. गच्चीवर आहे."

"दम लागला?"

"नाही."

त्या थोडा वेळ त्याचा श्वास ऐकत राहिल्या.

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या.

ज्ञानदेवाविषयी त्या आमच्याकडे एवढंच विचारतात.