चौकातला पितळी किशोर

पेढी नदीला पूर आला त्या साली किशोरनं गावातली माणसं दोराच्या आधारानं बाहेर काढली आणि शेवटच्या खेपेला तो स्वतःच वाहून गेला. वलगावच्या पलीकडचं ते लहानसं गाव. लोकांनी वर्गणी करून चौकात त्याचा पितळी अर्धपुतळा बसवला. घरातले फोटो पुरात गेले होते. मित्राच्या लग्नातला एक सापडला, तो मूर्तिकाराला दिला; मूर्तिकार वारल्यावर त्या फोटोचाही पत्ता लागला नाही.

सुभद्राबाईला, किशोरच्या आईला, त्याचं फारसं वाटलं नाही. पोरगा चौकात होताच की. दर सोमवारी ती चिंच, राख अन् पाण्याची बादली घेऊन जायची. कपाळ घासायची, गाल घासायची, नाकाच्या कडेनं बोट दाबून फिरवायची. घासता घासता बोलायची: शेतातली पऱ्हाटी कशी आहे, बाबाचा गुडघा कसा दुखतो. जाणारे-येणारे म्हणायचे, "सुभद्राबाईचा पोरगा सोन्यावानी चमकते." तिला तेवढं पुरायचं.

अशी वर्षं गेली. मग चौथऱ्याला चीर पडली, तेव्हा पंचायतीनं अमरावतीहून देवश्रीला बोलावलं. जुन्या मूर्ती जपण्याचं काम करायची ती. तिनं पुतळ्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"मावशी, हे कशानं घासता?"

"चिंचेनं. घरची भांडी घासतो आमी, तसंच."

देवश्री म्हणाली, "पितळेवर काळपट थर चढतो ना, तो नुसता मळ नसतो. पाऊसवाऱ्यात तोच धातूला जपतो. आंबटानं अन् राखेनं घासलं की तो निघतो, आणि दर वेळी थोडं पितळही जातं."

सुभद्राबाईनं वर पाहिलं. नाकाचा उंचवटा तेवढा उरला होता. डोळे सपाट. ओठ कुठं संपतात ते दिसत नव्हतं. नेहमी पाहणाऱ्या माणसाला ते कधी दिसलंच नव्हतं.

"म्हंजे मीच घासून टाकला त्याले," ती म्हणाली.

"उरलंय ते मेण लावून वाचवता येईल. गेलेलं नाही येत परत."

पंचायतीनं नवा पुतळा करायचं ठरवलं. नवीन मूर्तिकार मातीचं डोकं घेऊन घरी आला. "आई, नाक असंच होतं, की जरा वर उचललेलं?"

तिनं डोळे मिटले. समोर पितळच आलं, गुळगुळीत. त्याच्या मागं काही नव्हतं. नवरा नत्थुजी तिच्या तोंडाकडं पाहत होता.

"असंच होतं," ती म्हणाली.

मूर्तिकार गेल्यावर नत्थुजीनं विचारलं, "खरंच असंच होतं काय वं?"

"तुमाले आठवते?"

"मले वाटलं, तुले आठवत असन."

नवा पुतळा बसला. हारतुरे झाले, पुढाऱ्यांची भाषणं झाली, दोघं पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. सुभद्राबाई आता दळण न्यायला मागच्या गल्लीनं जाते. लांब पडते, पण चौक लागत नाही.