दाजींनी बसवलेलं दार

पिंपरीपासून देहूरोडपर्यंत सुतारकाम करणारी माणसं शेकड्यांनी सापडतील, पण लाकडाला लोखंडाची शिस्त लावायची जिद्द धरणारा माणूस या पट्ट्यात एकच झाला, आणि तो माझ्या बहिणीच्या वाट्याला आला. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. आमच्या वस्तीत दाजींना हसणारे पुष्कळ आहेत, आणि हसणाऱ्यांपैकी एकानंही स्वतःच्या घरात साधी खुंटी ठोकलेली नाही, म्हणून लिहितो आहे. माझ्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणायचो. माझं ऐकून शेजारची पोरं म्हणू लागली, पोरांचं ऐकून त्यांचे बाप, आणि शेवटी सगळी वस्तीच त्यांना दाजी म्हणू लागली. कंपनीच्या हजेरीपटावर त्यांचं काही वेगळं नाव असेल, पण ते फक्त टाइमकीपरला ठाऊक.

दाजी तेव्हाही कंपनीत इन्स्पेक्शनलाच होते. इंजिनात बसणारे बारके बारके भाग टेबलावर यायचे, ते गेज लावून तपासायचे आणि केसाएवढा फरक दिसला की लाल खडूची फुली मारून बाजूला टाकायचे, हे त्यांचं काम. भोंगा झाला की शिफ्ट सुटायची, पण दाजींची नजर काही सुटायची नाही. अक्कानं, म्हणजे माझ्या बहिणीनं, ताटात भाकरी वाढली की ते आधी ती डोळ्यांसमोर आडवी धरून बघायचे. अक्का म्हणायची, "खाताय का पास करताय?" मी आमच्या युवक मंडळाची पत्रकं लिहीत असे. भाडेवाढ, नळाचं पाणी, रोजंदारीवरच्या कामगारांना कायम करण्याचा प्रश्न, कशाचंही पत्रक असो, पहिली प्रत मी दाजींना द्यायचो. ते ती उजेडात धरायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "मजकूर जोरदार असेल, पण कापताना डावी बाजू घसरलीय." मजकूर ते वाचायचे की नाही हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वेळी मी छापखान्यात उभं राहून कडा सरळ कापून घ्यायचो, एवढं मात्र खरं.

अशा माणसाला सुतारकामाचा नाद लागला. नाद लागायला कारण झाल्या त्या कंपनीतल्या पेट्या. परदेशातून मशिनी यायच्या त्या पांढऱ्या, हलक्या लाकडाच्या मोठाल्या पेट्यांतून, आणि मशीन बाहेर निघालं की पेटी भंगारात. दाजी त्या फळ्या गेटपास करून घ्यायचे, सायकलच्या दांड्याला बांधायचे आणि चिंचवडपर्यंतचा रस्ता अडवत घरी आणायचे. घराच्या ओट्यावर, जिथं अक्काचं भांडी घासायचं ठिकाण होतं, तिथं त्यांनी कारखाना मांडला. करवत, रंधा, दोन पटाश्या आणि एक गुण्या. शिकवणारा कुणी नव्हता. दाजी सुटीच्या दिवशी लाकडाच्या वखारीसमोर जाऊन बसायचे आणि तिथले मिस्त्री काय करतात ते बघत राहायचे. एका मिस्त्रीनं विचारलं, "काय पाहिजे भाऊ?" दाजी म्हणाले, "काही नाही. तुमचा उजवा हात बघतोय." मिस्त्रीनं दिवसभर पाठ फिरवून काम केलं.

बघून जे आलं ते आलं, बाकी सगळं दाजींनी कंपनीतून उसनं घेतलं. फुटपट्टीनं मापणं त्यांना कमीपणाचं वाटे. ते फळी केसाएवढं माप दाखवणाऱ्या व्हर्नियरनं मापायचे. केलेली प्रत्येक वस्तू तपासून नापास झाली की तिच्यावर लाल फुली मारायचे, आणि नापास तर सगळ्याच व्हायच्या. त्यामुळे घरात बसायला जागा उरली नाही. विहार समितीचे अध्यक्ष एकदा वर्गणीसाठी आले. हे गृहस्थ देहूरोडला स्टोअरकीपर होते आणि वस्तीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते खुर्चीवर टेकणार तोच दाजींनी त्यांचा दंड धरला. "तिच्यावर नको साहेब, ती नापास आहे." अध्यक्ष बाकाकडे वळले. "तेपण नको." शेवटी ते उभ्यानं चहा प्यायले. उभ्या उभ्या त्यांची नजर बाकाच्या फळीवर गेली. तिच्यावर पेटीचा मूळ छाप तसाच होता, काळ्या शाईतला उंच दांड्याचा पेला. अध्यक्ष गंभीर झाले. "दाजी, आपल्या घरात हे दारूचं चित्र?" दाजींनी शांतपणे सांगितलं, "दारूचं नाही साहेब. आत काच आहे, जपून उचला, असं सांगतोय तो." अध्यक्षांचं काही समाधान झालं नाही. वस्तीभर महिनाभर त्या पेल्याची चर्चा चालली. कामगार वसाहतीत एक माणूस स्वतःच्या हातानं काही घडवतो आहे, आणि समाजाला त्यात दिसतो तो पेला, हे मला त्या वेळी सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

कारण मला दाजींची एक गोष्ट ठाऊक होती. ती त्यांनी रंधा मारता मारता, माझ्याकडे न बघता सांगितली होती. "आमच्या गावात झाड पडलं की ओंडका वाहून न्यायचं काम आमच्या बापाचं. सुताराच्या दारापर्यंत न्यायचा, आत पाऊल टाकायचं नाही. फळ्या निघायच्या, त्यांची दारं व्हायची, ती पाटलाच्या घराला बसायची. आमच्या घराला गोणपाट. बापानं एकदा जुन्या फळीचं दार करून मागितलं, तर सुतार म्हणाला, तुमच्या आळीत माप घ्यायला कोण येणार?" एवढं बोलून त्यांनी रंध्यात अडकलेला भुसा फुंकला. मी म्हणालो, "दाजी, हे पत्रकात आलंच पाहिजे." ते म्हणाले, "आधी मला एक दार नीट बसवू दे. मग काय छापायचं ते छाप."

त्याच वर्षी विहारात ग्रंथासाठी कपाट करायचं ठरलं. आमच्याकडे आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने वर्षावास असतो, आणि त्या काळात रोज सगळी वस्ती विहारात जमून ग्रंथाचं वाचन ऐकते. तोवर ग्रंथ पत्र्याच्या पेटीत असे आणि पेटीला गंज चढला होता. अध्यक्षांचा आग्रह लोखंडी कपाट विकत आणण्याचा होता. सभेत दाजी उठून उभे राहिले. सभेत ते उठल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "दार मी करतो. म्हणजे कपाट करतो. त्याला दार असेल." लोक हसले. मी उठून बोललो, आणि जरा जास्तच बोललो, असं अक्का म्हणते. ज्यांच्या बापांनी ओंडके वाहिले त्यांनी आपल्या ग्रंथाचं दार बाजारातून आणावं काय, असा माझा मुद्दा होता. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. पण बिघडलं तर लोखंडी आणणार. तेव्हा भाषण नको."

ऐन वैशाखात दाजींनी ते कपाट केलं. पहिली शिफ्ट करून यायचे ते थेट ओट्यावर. अक्का महिनाभर भांडी आत मोरीत घासत होती. आणि खरं सांगतो, असं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. विहारात कपाट आलं त्या दिवशी दाजींनी माझ्याच हातातलं पत्रक घेतलं आणि दाराच्या फटीत घालून दाखवलं. गेलं नाही. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. "कागद जात नाही," दाजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः केलेली एखादी वस्तू पास केली होती. कुणीतरी रंग लावायला सुचवलं, तर ते दुखावले. "रंगाला जाडी असते. फिटिंग बिघडेल." वखारीतला कुठलाही मिस्त्री तिथं असता तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला असता. पण तिथं सगळे कंपनीतले होते, मिलिंगवाले, ग्राइंडिंगवाले, टर्नर. सगळ्यांनी बोट फिरवून माना डोलावल्या. लोखंड जसं बसवावं तसं उत्तम बसलं होतं ते.

मग मृगाचा पाऊस झाला, आर्द्राचा झाला, आणि आषाढी पौर्णिमा आली. विहार भरला होता. अध्यक्षांनी मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, आणि ग्रंथ काढायला त्यांनी कपाटाची मूठ ओढली. मूठ हातात आली. दार जागेवरच.

चौघांनी नखं लावून पाहिली. कागद न जाणाऱ्या फटीत नखं कुठून जाणार? न रंगवलेल्या लाकडानं पोटभर ओल पिऊन चौकटीला मिठी मारली होती. अध्यक्ष हातातल्या मुठीकडे बघत म्हणाले, "कुऱ्हाड आणा कुणीतरी." मागून कुणी म्हणालं, "पेल्याचं लाकूड हाय राव, चढलंय त्याला." हसू पसरलं. मी उत्तर द्यायला उठलो, पण दाजींकडे बघून बसलो. ते कपाटाला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात मागं दारावर पसरलेले. "फोडू नका," ते म्हणाले. "मला तासभर द्या. फोडू नका."

अक्का कधी उठून गेली ते कुणाला दिसलं नाही. ती परत आली ती कोळशाची इस्त्री घेऊन. "ओला सदरा वाळतो, तर हे वाळणार नाही काय?" दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, इस्त्री घेतली आणि भर विहारात कपाटाला इस्त्री करायला लागले. कडेकडेनं, हळूहळू, जणू लग्नातला कोट आहे. लाकडातून वाफ निघू लागली.

लोक चुळबुळायला लागले. तेव्हा पुढं बसलेल्या शेवंताबाईंनी घसा साफ केला. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण वर्षावासातला एक दिवस त्यांनी कधी चुकवला नव्हता. "दार उघडंल तवा उघडंल," त्या म्हणाल्या. "गेल्या साली वाचल्यालं ध्यानात हाय की न्हाई कुणाच्या?" आणि त्यांनी सुरुवात केली. राजपुत्राचा जन्म, नदीच्या पाण्यावरून दोन कुळांचं भांडण, घर सोडून निघणं. त्या अडल्या की दुसरी बाई पुढचं सांगायची. टर्नर मंडळी एकमेकांना दुरुस्त करायला लागली. "आधी भांडण, मग घर सोडलं." "व्हय, तेच म्हणतोय मी." एकदा तर इस्त्री थांबवून दाजीच म्हणाले, "शेवंताबाई, मधलं भांडणाच्या सभेचं राहिलं," आणि पुन्हा इस्त्री सुरू. विहारात एवढं ध्यान देऊन ऐकलेलं वाचन मला आठवत नाही, आणि ग्रंथ तर आतच होता.

मध्येच कट्ट असा आवाज झाला आणि दार बोटभर सुटलं. दाजींनी ते उघडलं नाही, ते बाजूला झाले. अध्यक्षांनी ग्रंथ बाहेर काढला, पानांवरून तळवा फिरवला, पुस्तक नाकाशी नेलं. वस्तीत त्या आठवड्यात वाळलेलं असं काही नव्हतं, अंथरुणंसुद्धा दमट होती. "कोरडा आहे," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. "लोखंडी कपाटाचं पुढच्या साली बघू."

दुसऱ्या दिवशी दाजींनी दार उतरवलं आणि भर पावसात त्याला रंधा मारला. त्यामुळे ते पावसाळ्यात नेमकं बसायचं आणि उन्हाळ्यात सगळीकडून बोट बोट फट पडायची. दाजींना ती फट बघवायची नाही. मार्च लागला की ते विहारात मान खाली घालून यायचे. पण वर्षावास लागला की त्यांची जागा ठरलेली, कपाटाशेजारी, भिंतीला टेकून. न जाणो काही लागलं तर. दरवर्षी पौर्णिमेला अध्यक्ष मूठ धरून विचारायचे, "दाजी, ओढू?" दाजी म्हणायचे, "सावकाश." दरवर्षी दार उघडायचं, आणि लोखंडी कपाट पुढच्या सालावर जायचं. मी त्यांना बापाच्या दाराच्या पत्रकाचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "छाप. पण बिजागरी तिरकी बसलीय, तेवढं लिहू नको." मी मात्र ते पत्रक लिहायला बसलो की दुसरंच काही लिहायचो.

आता अक्का आणि दाजी निगडीला प्राधिकरणात राहायला गेलेत. तिथं ओटा नाही. फळ्या आणल्या तर खालचे लोक आवाजाची तक्रार करतात, म्हणून करवत माळ्यावर गेली आहे. मी जातो तेव्हा दाजी खिडकीचं दार उघडझाप करून दाखवतात आणि बिल्डरच्या सुताराला नावं ठेवतात. परवाच्या आषाढी पौर्णिमेला वस्तीतल्या विहारात वंदना झाली, अध्यक्षांनी मूठ धरली आणि सवयीनं म्हणाले, "दाजी, ओढू?" कपाटाशेजारची जागा रिकामी होती. त्या दिवशी दाजींची सेकंड शिफ्ट होती. अध्यक्ष मूठ धरून तसेच थांबले, आणि मग शेवंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सावकाश."